रोसेन्दोचा पिचर

रोसेन्दो आर्मेन्ता कधी कुणाच्या पैशावर, गाडीवर, घरावर जळला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूसच तसल्या स्वभावाचा. आयोवातल्या ऑरिन ग्रोव्हमध्ये आम्ही दोघं एकाच हिवाळ्यात आलो, मांसाच्या कारखान्यात एकाच आठवड्यात लागलो, आणि डुकराच्या खांद्याचं मांस हाडापासून सोडवायच्या सरकत्या पट्ट्यावर शेजारी शेजारी उभे राहिलो. त्याच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्याने मलाच उभं केलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना नावाने हाक मारत नाही, कोम्पाद्रे म्हणतो. मुकादमाची जागा कुणाला मिळाली यावरून आमच्याकडे सख्खे मेव्हणे एकमेकांचं तोंड बघेनासे झालेत. रोसेन्दो त्यातला नव्हता. जागा दुसऱ्याला मिळाली की हा त्याच्या घरी बियर घेऊन जायचा.

त्याच्याकडे एकच गोष्ट होती जी त्याला कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. ती म्हणजे त्याच्या थोरल्या पोराचा, उलिसेसचा, उजवा हात.

रोसेन्दो सीमेपलीकडच्या सिनालोआचा. ग्वासावेजवळच्या एका गावात, टोमॅटोच्या मळ्यांत वाढलेला. तिकडे रविवारी चर्च सुटलं की सगळं गाव मैदानावर, आणि गावाच्या संघात चेंडू टाकायला रोसेन्दो. पिचर. विशीतच त्याचा खांदा गेला, मग गावही सुटलं. आयोवात आल्यावर बेसबॉलचं नाव त्याने बरीच वर्षं काढलं नाही. उलिसेस शाळेत जायला लागला तेव्हा एका संध्याकाळी गॅरेजमागच्या गल्लीत बादली पालथी घालून तो तिच्यावर बसला, डाव्या हातात कॅचरचा जाडजूड ग्लोव्ह चढवला आणि पोराला म्हणाला, "टाक."

तेव्हापासून रोज. कारखान्यातून आला, अंघोळ केली, की बादली. बर्फ पडलं तर गाडी बाहेर काढून गॅरेजच्या आत. दिवसभर लोखंडी आकडीने मांस ओढून डाव्या हाताची बोटं अशी आखडायची की सकाळी गरम पाण्याखाली धरल्याशिवाय उघडत नसत, पण संध्याकाळी त्याच हाताने हा माणूस चेंडू झेलायचा. वेगाचा चेंडू पोराने आपोआप कमावला. रोसेन्दोने त्याला दिला तो 'आळशी'. तळहातात खोल धरून टाकायचा. हात वेगाने फिरतो, चेंडू मात्र रमतगमत येतो, आणि बॅटवाला आधीच बॅट फिरवून मोकळा झालेला असतो. त्यांच्या गावात तो चेंडू रोसेन्दोच्या मामाने आणला म्हणतात. ऑरिन ग्रोव्हमध्ये तो फक्त दोघांना येत होता.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मैदानाच्या फाटकाला साखळी लागली. एप्रिलमध्ये आजार कारखान्यात शिरला. पट्ट्यावर आमच्या मध्ये प्लास्टिकचे पडदे टांगले गेले. मास्क ओला होऊन नाकाला चिकटायचा. रोज कुणाची तरी जागा रिकामी दिसायची. बहुतेक जण परत आले, दोघं आली नाहीत. रोसेन्दो गॅरेजमध्येच कपडे उतरवून घरात शिरायचा, ताट घेऊन वेगळ्या खोलीत बसायचा, आणि पोराबरोबर गल्लीत उतरणं त्याने स्वतःच बंद केलं होतं. "थोडे दिवस," म्हणायचा. उलिसेस एकटाच गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत राहायचा, आणि हा खिडकीतून ते बघायचा.

मे संपता संपता बातमी आली की शाळांचं बेसबॉल सुरू होणार. बाकी देशात शाळांचे संघ वसंतात खेळतात, त्यांचे मोसम केव्हाच बुडाले होते. आमच्याकडे पहिल्यापासून उन्हाळ्यात खेळतात, म्हणून वाचलो. उलिसेसची शाळा तशी संपली होती. समारंभ झालाच नाही, झगा आणि टोपी टपालाने घरी आली होती. पण नियमाप्रमाणे त्याला हा उन्हाळा खेळता येत होता, आणि तो शेवटचा. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजचा प्रशिक्षक त्याच्यावर नजर ठेवून होता. "उन्हाळ्यात कसा टाकतो ते बघू," एवढंच तो म्हणाला होता.

शाळेचे प्रशिक्षक ब्रँडहॉर्स्ट यांनी सगळ्या आईबापांना संगणकावर गोळा केलं आणि नियम वाचले. मैदानावर येण्याआधी ताप बघणार. पाणी ज्याचं त्याने आणायचं. थुंकायचं नाही, म्हणून सूर्यफुलाच्या बियासुद्धा चघळायच्या नाहीत. सामना संपल्यावर हात मिळवायचे नाहीत, लांबून टोपी उचलायची. सरावाला आईबाप नकोत.

"आणि शेवटचं," ब्रँडहॉर्स्ट म्हणाले, "घरातल्या कुणाचा आजारी माणसाशी संबंध आला, तर मुलगा दोन आठवडे घरी बसेल. मग तो आमचा पहिला पिचर का असेना."

पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही. पण रोसेन्दोला वाटलं, सगळे आपल्याच चौकोनाकडे बघतायत.

तासाभरात फोन वाजला. डॅरिन ट्याडेन. त्याचा मुलगा कोल्टन संघाचा कॅचर, म्हणजे उलिसेसचे चेंडू झेलणारा. डॅरिन मक्याचं बियाणं विकतो. गावाबाहेर मोठं घर, घरामागे फवारणीची यंत्रं ठेवायची पत्र्याची शेड. तरुणपणी दोन उन्हाळे तो इलिनॉयमधल्या कुठल्याशा लहान संघात पैसे घेऊन खेळला होता, पिचर म्हणून. गावात हे सगळ्यांना ठाऊक. तो स्वतः फारसं सांगत नसे, ही त्याची आणखी एक खोड रोसेन्दोला खुपायची.

"उलिसेसला आमच्याकडे पाठवा," डॅरिन म्हणाला. "तळघरात खोली रिकामी आहे. मोसम संपेपर्यंत राहील. तुमच्याकडे कारखान्याचं काय होईल सांगता येत नाही ना."

"विचार करून सांगतो," रोसेन्दो म्हणाला.

नोएमीने, त्याच्या बायकोने, फोन हातातून काढून घेतला. "हो. उद्या सकाळी पाठवते. देव तुमचं भलं करो." मग फोन ठेवून नवऱ्याकडे वळली. "म्हाताऱ्या, उद्या तुझ्या शेजारचा कुणी खोकला, की पोरगा घरात. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तोंड असं का केलंयस?"

"तोंड असंच आहे माझं."

दुसऱ्या दिवशी त्याने पोराला सोडलं. गाडीतून बॅग काढून फाटकाशी ठेवली आणि स्वतः मागे सरला. डॅरिन ओट्यावरून हात हलवत होता. त्यांचा कुत्रा धावत आला आणि उलिसेसच्या अंगावर असा उडाला जणू जन्मापासूनची ओळख. "कुत्रासुद्धा," रोसेन्दो मला पट्ट्यावर म्हणाला. प्लास्टिकच्या पडद्यामुळे ओरडूनच बोलावं लागायचं. "कुत्रासुद्धा त्यांच्या बाजूचा!"

पोरगा रोज फोन करायचा. आणि रोज दुसऱ्या दिवशी मला त्या फोनची उजळणी ऐकावी लागायची.

"काल काय म्हणाला माहिताय? डॅरिनकडे शेडमध्ये जाळी आहे, खाली हिरवी चटई आहे, वेग मोजायचं यंत्र आहे. माझ्याकडे काय आहे, कोम्पाद्रे? बादली."

"बादलीवरच पिचर झाला ना तो?"

"तेच म्हणतो मी! घडवला मी. आता मोजायला हा बसला. बाजारात डुकराचं वजन करावं तसं."

आणखी एक गोष्ट त्याला सलत होती, ती त्याने बऱ्याच दिवसांनी काढली. आमच्याकडे मुलं बापाला 'आपा' म्हणतात आणि बोलतात ते तुम्ही-तुम्ही करून. तीच रीत. उलिसेस डॅरिनला नुसता डॅरिन म्हणायचा. फोन चालू असताना मागून डॅरिन काहीतरी बोलला, की पोरगा हसून म्हणायचा, "गप रे, डॅरिन!" आणि दोघं खिदळायचे.

"मला कधी गप म्हणाला नाही," रोसेन्दो म्हणाला.

"म्हणाला असता तर थोबाडीत दिली असतीस."

"दिली असती. पण म्हणाला नाही कधी."



जूनच्या मध्यावर पहिला सामना झाला. प्रेक्षकांना यायची परवानगी होती, घराघराने अंतर ठेवून. पण ज्यांच्या पट्ट्यावर त्या आठवड्यात कुणी आजारी पडलं होतं त्यांनी गाडीतूनच बघावं, असं ब्रँडहॉर्स्टनी कळवलं होतं. म्हणून आम्ही दोघं दोन पिकअप घेऊन डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे, खडीच्या रस्त्यावर, मक्याच्या शेताला पाठ लावून उभे होतो. काचा खाली. माझी दुर्बीण मी पुसून त्याला दिली होती. खाण्याचं दुकान बंद, बाकांवर एकाआड एक पट्ट्या चिकटवलेल्या, पोरं कुंपणाला धरून लांब लांब पसरलेली. तरी हिरवळीचा तो वास आला आणि मला हुंदकाच यायचा बाकी राहिला. मार्चपासून आम्ही कारखाना आणि घर यापलीकडे काही पाहिलं नव्हतं.

उलिसेस चेंडू टाकायच्या उंचवट्यावर चढला. पहिला बॅटवाला बाद. दुसराही. मी हॉर्न वाजवला. रोसेन्दोने वाजवला नाही.

"हात बघ," तो म्हणाला.

"काय झालं हाताला?"

"वर गेलाय."

"मग? बाद करतोय ना?"

"पायही बघ. उचलतच नाही पूर्वीसारखा. कुणाचा पाय आहे तो?"

मला काही फरक दिसेना. पोरगा पोरासारखा दिसत होता, चेंडू मात्र गोळीसारखा जात होता. तिसराही बाद झाला तेव्हा उलिसेसने उंचवट्यावरून उतरताना मान वळवली. जाळीमागे डॅरिन घडीच्या खुर्चीत बसला होता. त्याने दोन बोटं वर केली. उलिसेसने टोपीला हात लावला.

चौथा डाव झाला तरी आळशी एकदाही आला नाही. रोसेन्दोने दुर्बीण माझ्या गाडीच्या टपावर ठेवली आणि इंजिन चालू केलं.

"अरे, अजून अर्धा सामना आहे!"

"मला बघायचं ते दिसलं."

आम्ही जिंकलो तेव्हा तो मैदानावर नव्हता. घरी नोएमीला त्याने सांगितलं की पोराने झकास टाकले. तिने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "जिंकून आला ना? मग माझा नवरा रात्री जेवला का नाही?"

पुढचं मला उलिसेसने सांगितलं. आठवडाभराने, संध्याकाळी, रोसेन्दो कुणाला न सांगता ट्याडेनांच्या घरी गेला. गाडी रस्त्यावरच लावली. शेडचं मोठं दार उघडं होतं आणि आतून चेंडू ग्लोव्हवर आदळल्याचा आवाज येत होता. तो आवाज रोसेन्दोला झोपेतही ओळखू आला असता. आत डॅरिन गुडघे दुमडून, लाकडी खोक्यावर बसला होता आणि उलिसेसचे चेंडू झेलत होता. कोल्टन बाजूला फोनमध्ये डोकं घालून.

"सामान भर," रोसेन्दो दारातून म्हणाला. "घरी चल."

सगळे थांबले. डॅरिन उठला. "काय झालं, आर्मेन्ता? घरी सगळं ठीक?"

"माझ्या पोराशी बोलतोय मी."

"आपा, उद्या सामना आहे," उलिसेस म्हणाला.

"असू दे. मी शिकवीन. आजवर कोण शिकवत होतं?" आणि तो आत चालत निघाला. रागात त्याला भान राहिलं नाही की त्याच सकाळी आमच्या पट्ट्यावरून आणखी एकाला तापामुळे घरी पाठवलंय, आणि आपण मास्क गाडीतच विसरलोय.

उलिसेस मागे मागे सरकत जाळीला टेकला. दोन्ही हात पुढे केले, येणाऱ्या गाडीला थांबवावं तसे.

"आपा, जवळ येऊ नका. तुमच्या पाया पडतो, येऊ नका!"

रोसेन्दो थांबला. पोरगा म्हणाला त्यात चूक काहीच नव्हती. नियम होता, आणि नियम पाळावा म्हणूनच तर त्याला तिथं पाठवलं होतं. पण दुसऱ्याच्या शेडमध्ये, दुसऱ्याच्या देखत, आपल्या पोराने आपल्याला हात दाखवून लांब ठेवावं!  तो वळला, गाडीत बसला, गेला. पुढचे दोन सामने तो कुंपणापलीकडेही आला नाही. पट्ट्यावर गप्प झाला. बडबड करायचा तेव्हा मी वैतागायचो, आता ती बडबड बरी वाटायला लागली.

जुलै लागला आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर बोलता बोलता गाड्यांच्या तळावर ताठ उभा राहिला. मला हातानेच बोलावलं.

"डॅरिनला झालाय," तो म्हणाला. "आजार. इस्पितळात नेलंय. संघ बंद, दोन आठवडे."

"अरे देवा. कुठून झाला?"

"लग्नातून! पुतण्याच्या लग्नात नाचायला गेला होता." आणि तो हसला. मास्कच्या वरून नुसते डोळे दिसत होते, पण ते हसणं लपण्यासारखं नव्हतं. "कारखान्यातून नाही, कोम्पाद्रे. आमच्यातून नाही. बियाणंवाल्यांच्या लग्नातून! मला लांब ठेवलं, आणि घरात कोण घेऊन आला बघ." मग एकदम आवाज खाली आला. "पोरगा घरी येतोय."

"डॅरिन कसा आहे?"

त्याने मास्क वर ओढला. "ते विचारलं नाही मी," म्हणाला.

दुपारभर त्याची सुरी नेहमीपेक्षा हळू चालत होती.

उलिसेसला घरात घेता येत नव्हतं, म्हणून माझी मासेमारीला न्यायची चाकांची खोली मी त्यांच्या अंगणात ओढून लावली. नोएमी खिडकीतून ताटं द्यायची. वाळवलेल्या मांसाची भुर्जी, गरम गव्हाच्या पोळ्या. "तिकडे उकडलेलं खाऊन खाऊन पोरगा पांढरा पडलाय," म्हणायची. पोराला काही झालं नाही. ताप नाही, खोकला नाही. तपासणीतही काही निघालं नाही. तरी मुदत भरेपर्यंत तो त्या डब्यातच झोपायचा. आणि संध्याकाळी रोसेन्दोने गल्लीत बादली ठेवली.

"मुदत भरायचीय ना अजून?" मी विचारलं.

"नियम सहा फुटांचा. पिचर-कॅचरमध्ये साठ फूट असतात. आणखी किती लांब बसू?" चेंडू पुसायला त्याने स्पिरिटची बाटली आणि फडकं जवळ ठेवलं होतं. दोघांच्या तोंडाला मास्क. मी कुंपणावर रेलून बघत होतो.

पहिले काही चेंडू पोराने अलगद टाकले.

"हे काय? नीट टाक."

"आपा, आधी हात मोकळा होऊ दे तुमचा."

"मी काय कुणाची आजी आहे? टाक!"

उलिसेसने टाकला. रोसेन्दोने ग्लोव्ह बरोबर जागी नेला होता, पण बोटं मिटलीच नाहीत. चेंडू अंगठ्याच्या बुडाशी आदळून गॅरेजच्या दारावर गेला. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा तेच. तिसरा सरळ छातीवर आला आणि तो बादलीवरून मागे पडला. उलिसेस पळत सुटला आणि अर्ध्या वाटेवर येऊन थांबला, हात लोंबकळत. मी उडी मारून रोसेन्दोला उठवलं. छाती चोळत तो पोराकडे बघत होता. मार्च ते जुलै एवढ्याच काळात त्या हाताने त्याला मागे टाकलं होतं, आणि ते होताना तो तिथं नव्हता. पोराला मोठं होताना दुसऱ्याच माणसाने पाहिलं होतं.

"हात वर का नेला?" शेवटी त्याने विचारलं.

"डॅरिन म्हणाला, तसा टाकलास तर खांद्यावर ताण कमी येईल. मीच त्याला सांगितलं होतं, तुमचा खांदा कसा गेला ते."

"माझ्या खांद्याची गोष्ट त्याला सांगितलीस?"

"मला भीती वाटायची, आपा. माझाही जाईल म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

उलिसेसने बुटाने खडी उकरली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

रोसेन्दो ग्लोव्ह काढून घरात गेला. मला वाटलं, आता हा आठवडाभर बोलायचा नाही. पण दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून आल्यावर तो माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "डॅरिनला फोन लावतोय. तू बस इथं. माझं इंग्रजी अडलं तर बोल."

त्याचं इंग्रजी अडत नाही. त्याला सोबत हवी होती.

डॅरिनचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होता. मागे कसलंसं यंत्र फुसफुसत होतं. "आर्मेन्ता? पोराला काही झालं का?"

"पोरगा ठीक आहे," रोसेन्दो म्हणाला. "माझ्या घरी आहे, ठीकच असणार."

 मग डॅरिन श्वास घेत घेत म्हणाला, "तो हळू चेंडू... तो मला दाखवत नाही. मी म्हटलं, सामन्यात टाक की. म्हणाला, तो आपांचा आहे, त्यांनी बघितल्याशिवाय टाकत नाही."

रोसेन्दोने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या सामन्यात तो चौथ्या डावानंतरच निघून गेला होता. त्याआधीही पोराला वाटत होतं, बाप आलाच नाही. खडीच्या रस्त्यावरच्या गाड्या त्याला उंचवट्यावरून कशा दिसणार?

"माझा कोल्टन चालायला लागला तेव्हाच मी त्याला चेंडू दिला होता," डॅरिन बोलतच होता. इस्पितळात एकट्या पडलेल्या माणसाला बोलायला कुणी लागतं. "पण कॅचरच व्हायचं म्हणाला. का माहीत आहे? कॅचरला बापाकडे पाठ करून बसता येतं. तुझा पोरगा माझ्या शेडमध्ये येतो आणि दिवसभर तुझंच सांगतो. आपा असं म्हणतात, आपा तसं म्हणतात. कधी कधी वाटायचं, फोन करून सांगावं, घेऊन जा बाबा याला. ऐकवत नाही."

रोसेन्दोने फोनवर तळहात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं तसलं सुख मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"कोम्पाद्रे," तो कुजबुजला, "जळतोय की रे हा! माझ्यावर!"

मग हात काढून गंभीर आवाजात म्हणाला, "ऐक, डॅरिन. हात वर ठीक आहे. राहू दे. पण पाय माझा. पाय पूर्वीसारखा उचलला पाहिजे."

"पायाने तोल जातो त्याचा."

"जात नाही. मी बारा वर्षं बघतोय."

"बरं," डॅरिन म्हणाला. "पाय तुझा." आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत रोसेन्दो फोन कानाला लावून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "आता बोलू नकोस. पडून राहा."

संघ पुन्हा मैदानावर आला तेव्हा मोसमाचे थोडेच दिवस उरले होते. जिल्ह्याच्या बाद फेरीचा पहिलाच सामना. तोवर कारखान्यातला आजार ओसरला होता, ब्रँडहॉर्स्टनी रोसेन्दोला बाकावर बसायला परवानगी दिली. तो आणि नोएमी एका पट्टीच्या आत, मी पुढच्या. डॅरिन घरी आला होता, पण जिना चढायलाही त्याला दम लागायचा. तो गावच्या रेडिओवर ऐकत होता.

उलिसेसने पाय उचलला, हात वरून आणला, आणि पहिल्याच डावात आळशी टाकला. बॅटवाल्याने अशी बॅट फिरवली की हेल्मेट खाली पडलं. रोसेन्दो उभा राहून सिनालोआच्या मैदानावर ओरडतात तसं काहीतरी ओरडला, जे मी इथं सांगणार नाही. नोएमीने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

शेवटच्या डावात बरोबरी होती आणि त्यांचा एक गडी तिसऱ्या टप्प्यावर, धाव पुरी करायला एकच टप्पा बाकी. उलिसेसने पुन्हा आळशी टाकला. चांगला टाकला. बॅटवाला फसला. पण कोल्टनही फसला. त्या दिवसाआधी सबंध मोसमात त्याने तो चेंडू झेललाच कुठं होता? चेंडू ग्लोव्हच्या काठाला लागून मागे घरंगळला आणि तिसऱ्या टप्प्यावरच्या गड्याने पळत येऊन धाव पुरी केली, ते जिंकले. संपला मोसम. कोल्टन कॅचरचा मास्क न काढता तिथंच गुडघ्यांवर बसून राहिला. उलिसेस त्याच्यापर्यंत गेला आणि, नियम असो नसो, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही गाडीपर्यंत पोचलो नव्हतो तोच रोसेन्दोचा फोन वाजला.

"रेडिओवाला म्हणतो चेंडू सुटला," डॅरिन म्हणाला. "माझ्याच पोराने सोडला ना?"

मी रोसेन्दोकडे बघत होतो. सगळा उन्हाळा हा माणूस असल्याच एखाद्या घडीची वाट बघत होता.

"जमिनीवर टप्पा पडला होता," रोसेन्दो म्हणाला. "माझ्या पोराने वाईट टाकला. कुणालाच झेलता आला नसता."

टप्पा पडला नव्हता. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. नोएमीने चालता चालता त्याच्या दंडात हात घातला.

शरद ऋतूत उलिसेस त्या लहान कॉलेजात गेला. महिन्याभराने सांगत होता की तिथल्या प्रशिक्षकाने हात पुन्हा खाली आणला, पाय बदलला, आणि आळशी तर मोडीतच काढला. रोसेन्दो ते ऐकून थेट डॅरिनकडे गेला. त्याच्या ओट्यावर बसून दोघांनी त्या प्रशिक्षकाच्या सात पिढ्या काढल्या. कोण तो, कुठं खेळला, त्याला खांद्याचं काय कळतं, पोरगा घडवला कुणी!

आता शनिवारी कॉलेजचा सामना असला की ते दोघं डॅरिनच्या गाडीतून जातात. परतताना वाटेत खातात, घरी येऊन पुन्हा तासभर तेच उगाळतात. मलाही विचारतात अधूनमधून. मागच्या सीटवर जागा असते म्हणे. मी सांगतो, मला काम आहे.